अक्काचं गुंतवळ

अक्कानं आत येताच पार्लरच्या दाराला कडी घातली आणि काचेवरचा पडदा ओढून घेतला.

"काय गं, कुणाचा मुडदा पाडून आलीस?" मी विचारलं.

ती हसली नाही. एरवी माझ्या असल्या बोलण्यावर तिचं एक ठरलेलं वाक्य असायचं, 'तुझ्या जिभेला हाड न्हाई, उज्जे.' त्या दुपारी तेही आलं नाही. तिनं पदराखालून साडीच्या दुकानातली एक पिशवी काढली आणि आरशापुढच्या फळीवर, माझ्या कंगव्यांच्या आणि क्रीमच्या डब्यांच्या मधोमध ठेवली. पिशवी फुगलेली होती. मी आत हात घातला आणि चटकन बाहेर काढला. आत नुसतं गुंतवळ होतं.

आमच्या विट्याकडं विंचरून झाल्यावर कंगव्यातलं गुंतवळ कुणी बाई फेकत नाही. बोटाभोवती गुंडाळून त्याची गोळी करते आणि कोनाड्यात नाहीतर खिडकीच्या गजामागं कोंबून ठेवते. महिन्या-दोन महिन्यांनी केसं घेणारी बाई गल्लीत ओरडत आली की तिला ते द्यायचं आणि बदल्यात पिना, टिकल्या, फारच साठलं असेल तर एखादी वाटी घ्यायची. अक्काच्या पिशवीवर अख्खं पातेलं आलं असतं.

"कधीपासनंचं हे?"

"ऑपरेशनपासनंचं."

"मग केसवालीला का नाही दिलंस?"

"तिनं इचारलं असतं की, एका घरात एवढं कुणाचं गेलं म्हणून. आन ती फिरती साऱ्या गावात."

मग तिनं डोक्यावरचा पदर खाली घेतला आणि आंबाडा सोडला. सोडला म्हणायचं एवढंच, सुपारीएवढा होता तो. भांग बोटभर रुंद झाला होता आणि त्यातून कातडी चकाकत होती. ही तीच अक्का, जिचे केस न्हाल्यावर वाळायला अख्खी दुपार लागायची. आमची आई गेली तेव्हा मी सहा वर्षांची होते. तेव्हापासून माझी वेणी अक्काच घालायची, इतकी घट्ट की डोळे कानाकडं ओढले जायचे. केसांचं जे काही मला आवडायला लागलं ते तिच्या मांडीपाशी बसून. पुढं सांगलीत तीन महिन्यांचा कोर्स केला, सर्टिफिकेटला चौकट करून ते भिंतीवर टांगलं आणि गावातल्या बायका मला विचारून शिकेकाई बदलायला लागल्या. तेव्हा डोक्यात हवा गेली नव्हती असं मी म्हणणार नाही.

अक्काच्या गळ्यात थायरॉईडची गाठ होती. दिवाळी झाल्यावर मिरजेत ऑपरेशन झालं आणि ती ग्रंथी सगळीच काढून टाकली. आता जन्मभर रोज सकाळी अनशापोटी एक गोळी घ्यायची, एक दिवस चुकवायची नाही, असं डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं. केस थोडे दिवस जातील, घाबरू नका, असंही ते म्हणाले होते. अक्काची तेव्हा एकच तक्रार होती. गोळीनंतर अर्धा तास चहा प्यायचा नाही. तोंड धुतल्या धुतल्या कपाला हात घालणाऱ्या बाईला ती शिक्षाच होती. त्या अर्ध्या तासात ती दाजींवर खेकसून घ्यायची.

पण संक्रांतीला अक्काच्या लेकीचं, स्वप्नालीचं लग्न ठरलं. इस्लामपूरचा मुलगा, कारखान्यात केमिस्ट, घरी आईबाप आणि एक भाऊ. तिच्या जन्मापासून अक्कानं असल्याच स्थळासाठी उपास केले होते. सुपारी फुटली त्याच संध्याकाळी दाजींनी सगळ्यांना बसवून सांगितलं की लग्न होईपर्यंत ऑपरेशनचं नाव कुणी काढायचं नाही. आईला आहे म्हणजे उद्या लेकीला होणार, असं म्हणून लोक मोडता घालतात. अक्कानं दुसऱ्या दिवसापासून गळ्यालगत ठुशी घालायला सुरुवात केली. व्रण बरोबर ठुशीखाली झाकायचा. झोपतानाही ती काढायची नाही.

"माझ्याच केसांचं गंगावन करून दे," अक्का म्हणाली. "लग्नात लावीन. इकतचं नगं, रंगात फरक कळतो."

"देते की. त्यात काय एवढं?"

"लग्नाचं न्हाई गं. न्हाणाचं काय करू?"

न्हाण म्हणजे हळदीचं. मांडवात पाट मांडतात, चार कोपऱ्यांना चार तांबे ठेवून त्यांना सूत गुंडाळतात आणि आत नवरीला घेऊन आईबाप बसतात. पाच सवाष्णी डोक्यावरून पाणी घालतात. आईनं केस मोकळे सोडायचे असतात. त्याच वेळी नवऱ्याकडच्या बायका उष्टी हळद घेऊन आलेल्या असतात आणि त्या हातभर अंतरावर उभ्या असतात. ओल्या डोक्यावर गंगावन टिकत नाही आणि ओल्या डोक्याची टाळू लपत नाही.

"इचारतील," अक्का म्हणाली. "काय झालतं म्हणून इचारतील आन ठुशीखाली बघतील. ऐन मांडवात काय झालं म्हंजे? पोरीनं काय करायचं?"

मी तिच्या केसांत बोटं फिरवून, ताणून, मुळं बघून तपासणी केली. खरंतर मला त्यातलं काही कळत नव्हतं. पण खुर्चीतली बाई आरशातून बघत असली की काहीतरी बोलावं लागतं, आणि माझ्यासारखीला तर फारच.

"गोळ्या उष्ण पडत असतील तुला," मी म्हणाले. "रोज अनशापोटी एवढी कडक गोळी. मुळं भाजून निघाली असतील. किती गिऱ्हाइकं सांगतात माझ्याकडं, गोळ्या सुरू झाल्या आणि केस गेले."

"डॉक्टर म्हनलं, चुकवायची न्हाई."

"डॉक्टरला गळ्याचं कळतं, केसाचं मला कळतं. चार दिवस सोडून तर बघ. चार दिवसांत काय मरणार हायस का?"

तेव्हा कुठं ती हसली. "तुझ्या जिभेला हाड न्हाई, उज्जे," म्हणाली आणि केस गोळा करून उठली.

चार दिवसांचे आठ झाले, आठाचा महिना. दर सोमवारी दुपारी ती यायची, दाराला कडी घालायची आणि मी तिच्या डोक्याला माक्याचं तेल चोळायचे. नवल म्हणजे फेब्रुवारीच्या शेवटी केस गळायचे थोडे थांबले. कंगव्यात कमी यायला लागले. आता मला माहीत आहे की ऑपरेशननंतर जेवढे जायचे तेवढे जाऊन झाले होते. तेव्हा मात्र मी आरशात तिला म्हटलं की बघ, म्हटलं नव्हतं का. दाजी दर महिन्याला गोळ्यांची पाकिटं आणून द्यायचे आणि अक्का ती ट्रंकेत खणांच्या खाली ठेवायची. सकाळचा चहा ती पुन्हा तोंड धुतल्या धुतल्या प्यायला लागली. ते तिला किती बरं वाटलं ते तिनं मला दोनदा सांगितलं.

दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी गंगावन करत बसायचे. गुंतवळ रिठ्याच्या पाण्यात भिजवायचं, एकेक केस सोडवायचा, मूळ एकीकडं आणि टोक एकीकडं करून झुबके लावायचे आणि काळ्या दोऱ्यानं बांधायचे. फार चिकाटीचं काम. अक्का समोर बसून तांदूळ निवडावेत तसे केस निवडू लागायची. पण एप्रिलमध्ये तिला ते जमेनासं झालं. हात संथ झाले. एक केस घेऊन बसायची आणि तशीच राहायची. हाक मारली की थोड्या वेळानं 'आं?' करायची. आवाज घोगरा झाला होता. चैत्राच्या उन्हात तिला गारठा वाटायचा आणि ती माझा पंखा बंद करायला लावायची. तोंड मात्र भरलं होतं. गाल वर आले होते, डोळ्यांखाली सूज होती. गावातल्या बायका म्हणायच्या की लेकीच्या लग्नाचा आनंद अंगाला लागला. मीही म्हणाले, "अक्का, अंग धरलंस गं."

तिच्या भुवयांची बाहेरची टोकं विरळ झाली होती. ते सगळ्यांत आधी मी बघितलं, कारण माझं कामच ते. मी पेन्सिल घेतली आणि दोन्ही भुवया रंगवून पूर्ण केल्या. कशा रेखायच्या ते तिलाही शिकवलं. वर्षानुवर्षं मी बायकांची तोंडं जवळून बघत होते, आणि माझ्या बहिणीचं तोंड मला काय सांगत होतं ते मला कळलं नाही. मी त्यावर रंग दिला.

न्हाणाचा प्रश्न मीच सोडवला. पाच सवाष्णींत मी पुढं झाले आणि जाहीर केलं की आमच्या माहेरी आईच्या डोक्यावर पदर ठेवून पाणी घालतात. असली काही रीत आमच्या माहेरी नव्हती. पण लग्नघरात जी मोठ्यानं बोलते तिची रीत खरी. अक्का पदर घेऊन पाटावर बसली. पाणी थंड होतं, स्वप्नाली शहारून ओरडली, दाजी 'हर हर' करत होते. अक्का हलली नाही. ओला पदर टाळूला चिकटला आणि भांगाच्या जागी आतली कातडी दिसायला लागली, तशी मी पुढं होऊन तो वर उचलून धरला. इस्लामपूरच्या विहीणबाई समोरच हळदीचं ताट घेऊन उभ्या होत्या. त्यांनी अक्काच्या डोक्याकडं बघितलं आणि मग माझ्याकडं. मग ताट पुढं केलं.

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं. गंगावन छान बसलं होतं, त्यावर मी अबोलीची वेणी माळली. फोटोत अक्काचा आंबाडा माझ्या मुठीएवढा दिसतो. संध्याकाळी पाठवणी झाली तेव्हा स्वप्नाली गळ्यात पडून रडली आणि अक्का मात्र नुसती उभी राहिली. पाहुणे म्हणाले, बाई धीराची.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती उठली नाही. हाक मारली तर डोळे किलकिले करायची आणि परत मिटायची. दाजी पाहुण्यांना सोडायला स्टँडवर गेले होते. मांडवपरतणीसाठी स्वप्नाली आणि जावई तेवढ्यात आले होते, म्हणून त्यांच्याच गाडीत घालून आम्ही तिला गावातल्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होता. त्यानं नाडी बघितली, कपाळाला आठ्या पडल्या. मला विचारलं, "आधीचं काही आजारपण? ऑपरेशन? कुठली गोळी चालू आहे का?"

जावई माझ्या खांद्याशी उभे होते. लग्नाला पुरता एक दिवसही झाला नव्हता.

"नाही," मी म्हणाले. "काही नाही. लग्नाची दगदग झालीय."

ठुशी गळ्यालगत होती आणि गळ्याला हळद होती. त्याला व्रण दिसला नाही. उन्हानं आणि उपाशीपोटी झालं असेल म्हणून सलाईन लावलं, रक्त तपासायला घेतलं आणि संध्याकाळपर्यंत बघू म्हणाला. मी तिच्या पायाशी बसले. मे महिन्यात, पत्र्याच्या त्या खोलीत, तिचे पाय गार होते. मी ते चोळत राहिले. मला सगळं कळत होतं असं नाही, पण काहीच कळत नव्हतं असंही नाही. जावई आता जातील मग सांगू, असं मी मनात म्हणत होते. ते भले गृहस्थ होते, त्यामुळं ते गेलेच नाहीत. सगळ्यांना चहा आणला, नारळपाणी आणलं.

चार वाजता ते स्वप्नालीला घरी सोडायला गेले, तेव्हा मी धावत डॉक्टरकडं गेले आणि सांगितलं. गाठ काढलीय. गोळ्या जानेवारीपासून बंद आहेत. तो उभाच राहिला.

"सकाळी मी विचारलं होतं तुम्हाला," तो म्हणाला.

त्यानं लगेच मिरजेला फोन लावला आणि गाडी बोलावली.

मिरजेला दाजी येऊन पोचले. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी विचारलं तेव्हा ते शपथेवर सांगत होते की रोज घेती, मी स्वतः आणून देतो. मी म्हणाले, "दाजी, जानेवारीपासनं घेत नव्हती ती."

"तुला काय ठावं?"

"तिनंच सांगितलं हुतं."

हे खोटं नव्हतं. सोडल्या म्हणून तिनंच सांगितलं होतं. दाजी माझ्याकडं बघत राहिले आणि मग त्यांनी भिंतीला डोकं टेकवलं. पुढचं त्यांनी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे अक्का गेली. त्रेचाळीस वर्षांची होती.

सवाष्ण गेली म्हणून तिला हिरवं लुगडं नेसवलं, मळवट भरला, ओटी भरली. वेणीफणी कुणी करायची म्हटल्यावर साऱ्या बायका माझ्याकडं बघायला लागल्या. मी घरातून गंगावन आणलं. तिच्या केसांत ते गुंफलं आणि पिनांनी नीट बसवलं. आंबाडा घालून झाला तशी एक म्हातारी म्हणाली, "केस बघा बाईचं. शेवटपातूर कसं राह्यलं." बाकीच्यांनी माना हलवल्या. मग दाजींनी दागिने काढायला सांगितलं. मी ठुशीचा फासा सोडला आणि व्रण उघडा पडला. तो बघायला सगळ्या वाकल्या. विहीणबाई माझ्या शेजारीच होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला.

दहाव्याच्या आदल्या दिवशी त्या मुक्कामाला आल्या, सुनेजवळ राहायला. सकाळी घाटावर जायचं होतं म्हणून मी सहालाच उठून चहा टाकला आणि पहिला कप त्यांच्यापुढं ठेवला.

"झाकून ठेवा जरा," त्या म्हणाल्या. "आत्ताच गोळी घेतली. अर्धा तास चहा चालत न्हाई."

माझ्या हातातली गाळणी तशीच राहिली. "कसली गोळी?"

"थायरॉईडची. नऊ वर्सं झाली. माझी बी गाठ काढलीया." त्यांनी काळ्या पोतीखाली बोट नेऊन दाखवलं. तसलाच व्रण होता, पांढरा पडलेला.

मी गाळणी पातेल्यावर ठेवली.

"न्हाणातच वळीखलं मी ईनबाईंना," त्या म्हणाल्या. "डोक्यावनं. माझं बी तसंच झालं हुतं पहिल्यांदी. म्हनलं, लगनाची गडबड सरू दे, मग निवांत बोलू दोघी. त्या दवाखान्यात हायत हे मला कळलं तवर त्यांना मिरजेला नेलं हुतं."

"केस आले परत?" मी विचारलं. का विचारलं माहीत नाही.

"आले की. सहा महिन्यांनी आले. गोळी तेवढी चुकवायची न्हाई." आणि त्यांनी मागं हात नेऊन आंबाडा जरा सैल केला. दाट होता, खरा होता.

स्वप्नाली उठून स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. केव्हापासून ते मला ठाऊक नाही. हातावरची मेंदी अजून गेली नव्हती. ती सासूकडं बघत होती, मग माझ्याकडं वळली.

"मावशी, आईनं गोळ्या कशापायी सोडल्या?"

मी कपावरची बशी नीट केली.

"केसांपायी," मी म्हणाले.

ते खरं होतं. त्याला सतरा वर्षं झाली. स्वप्नालीला विचारावंसं वाटलं की ती अजून विचारते, आणि मी तिला तेवढंच खरं सांगते.